कोलोझियममधे कोणीही कुठेही बसत नव्हतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत रोमच्या कोलोझियमवर, म्हणजे तिथल्या प्राचीन खेळांच्या मोठ्या आखाड्यावर लेख होता, फोटो छान होते, पण एक वाक्य खटकलं. म्हणे तिथे गरीब-श्रीमंत, बायका-पुरुष सगळे खांद्याला खांदा लावून बसायचे. हे साफ चूक आहे आणि शाळेतली मुलं असे लेख कापून वहीत चिकटवतात म्हणून लिहावंसं वाटलं.

तिथे कोण कुठे बसणार हे कायद्याने ठरलेलं होतं. सुएटोनियस हा रोमन चरित्रकार लिहितो की नेपल्सजवळच्या पुतिओलीत एका खेळाला एवढी गर्दी होती की सिनेटर, म्हणजे रोमच्या सिनेट या सभेचा बडा सभासद आला तरी कोणी जागा दिली नाही, सम्राट ऑगस्टसला ते फार लागलं आणि मग सगळीकडे पहिली रांग सिनेटरांची असा ठराव झाला. सैनिक वेगळे, लग्न झालेल्या सामान्य पुरुषांच्या रांगा वेगळ्या, मुलांचा पट्टा वेगळा आणि त्यांचे मास्तर शेजारच्याच पट्ट्यात, काळपट कपड्यात आलेल्याला मधल्या भागात बसायला बंदी.

आणि बायका? आधी ग्लॅडिएटरच्या, म्हणजे शस्त्रं घेऊन लढणाऱ्यांच्या खेळाला त्या पुरुषांबरोबर बसायच्या, ऑगस्टसने त्यांना सगळ्यात वर पाठवलं. इ.स. ८० मधे कोलोझियम सुरू झालं तेव्हा पण त्यांची जागा अगदी वरच्या मजल्यावर, लाकडी बाकांवर. खाली मान देऊन बसायला मिळायचं ते फक्त व्हेस्टा देवीच्या पुजारणींना. लेखकाच्या मनात कदाचित रथांच्या शर्यतीचं सर्कस मॅक्सिमस असेल, तिथे खरंच बायका-पुरुष शेजारी बसायचे, पण ती जागा वेगळी.

मी हे नुसतं पुस्तकातून सांगत नाहीये. मुलाकडे फ्रान्सला गेले होते तेव्हा ओरांजचं रोमन थिएटर बघितलं. खालच्या पायऱ्यांवर दगडात ईक्यू, मग जी आणि पुढे तीन उभ्या रेघा कोरलेल्या आहेत, म्हणजे या ३ रांगा 'इक्विटीस' लोकांच्या, सिनेटरांच्या खालोखालचा पैसेवाला वर्ग. मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, रेघा अजून हाताला लागतात हो, दोन हजार वर्षांनी! तिथून जवळ नीम नावाच्या गावातल्या रोमन आखाड्यात तर रोन आणि सोन नद्यांवरच्या नावाड्यांसाठी ४० जागा राखून ठेवल्याचं कोरून ठेवलंय. नावाड्यांना! मला हे सम्राटाच्या गोष्टींपेक्षा जास्त आवडलं, कारण त्या गावाला नदीवरच्या धंद्याची किती गरज होती ते त्यातून कळतं.

लोकांना आपापल्या ठरलेल्या जागी जाता यावं म्हणून कोलोझियमच्या खालच्या ८० कमानींपैकी ७६ वर नंबर होते, उत्तरेच्या भिंतीवर २३ ते ५४ आजही वाचता येतात. त्या नंबरांचा एक फोटो आणि बसण्याच्या मजल्यांचं एक साधं चित्र पुढच्या रविवारी दुरुस्तीबरोबर छापाल का, ही विनंती.

आपली,
एक वाचक, नाशिक