मंत्रिमहोदय, ती चूक मुद्दाम लावलेली होती

मा. शिक्षणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या गुरुवारी आमच्या शाळेत तपासणी झाली. सातवीच्या वर्गातल्या मागच्या फलकापाशी साहेब थांबले, एक चिठ्ठी टर्रकन फाडली आणि शेरा मारला: ‘फलकावर चुकीची माहिती.’ शनिवारी मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. सोमवारी त्याच फलकावर छापील फ्लेक्स चढला. त्यावर आपला हसरा फोटो आहे. पोरांच्या टाचण्या माझ्या टेबलाच्या खणात पडून आहेत.

फाडलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून गरम होतं.’ चूकच आहे. विज्ञान शिकवते मी, एवढं कळतं मला. म्हणूनच ती ११ दिवस तिथे होती, आणि तिच्यावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘पटतंय का? नसेल तर पुरावा टाचा.’ चौथ्या दिवशी एका मुलीने शोधून आणलं की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर; आणि सर्वांत लांब जुलैत, १५.२ कोटींवर. मग जानेवारीत थंडी कशी? दोन दिवस मधली सुट्टी भांडणात गेली. मग वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलाने लिहिलं, ‘पण ऑस्ट्रेलियात जानेवारीत उन्हाळा असतो.’ पोरांनी चिठ्ठ्या लाल दोऱ्याने जोडल्या. खऱ्या कारणापर्यंत, म्हणजे पृथ्वीच्या कललेल्या आसापर्यंत, अजून कुणी पोचलं नव्हतं. मी जीभ चावून गप्प बसले होते, आज ना उद्या कुणीतरी पोचणारच होतं. तेवढ्यात आपले साहेब आले.

बारा-तेरा वर्षांच्या पोराला काही दाखवणं सोपं नसतं, महोदय. सुविचार आणि कागदी फुलं ते पहिल्या दिवशी बघतं. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या लेखी ती नुसती भिंत. फलकाकडे त्याला ओढायचं तर तिथे काहीतरी अर्धवट हवं. नाव न घालता चिठ्ठी लावायची मुभा हवी, कारण या वयात चारचौघांत चुकण्याची लाज जीवघेणी असते. मजकूर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा, अधिकाऱ्यांच्या नव्हे. आणि शिळं झालेलं वेळेवर उतरवायला हवं, ते तर आपल्याकडे कुणालाच सुचत नाही.

आपलं परिपत्रक म्हणतं, वर्गाची एकही भिंत रिकामी नसावी, त्याने एकाग्रता वाढते. कुणी सांगितलं हे? २०१४ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी बालवाडीतल्या २४ मुलांना आलटूनपालटून सजवलेल्या आणि साध्या वर्गात शिकवून पाहिलं. सजवलेल्या वर्गात मुलांचं लक्ष ३८.६ टक्के वेळ भरकटलं, साध्या वर्गात २८.४ टक्के. ती मुलं पाचेक वर्षांची, माझी बारा-तेराची, हे मान्य. पण निदान कुणीतरी मोजून तरी पाहिलं होतं! परिपत्रकात मोजलंय काय, तर फ्लेक्सची लांबी-रुंदी.

आता माझी मोजदाद ऐका. १९ वर्षं शिकवते आहे. फलक लावताना बाकावरून पडले त्याला दोन वर्षं झाली, घोटा अजून दुखतो. पुठ्ठे, रंगीत कागद, टाचण्या सगळं पदरचं. कधी बिल मागितलं नाही. हल्ली प्रत्येक फलकाचे चार बाजूंनी फोटो काढून ॲपवर चढवावे लागतात, आणि ते ॲप रात्री अकरानंतरच चालतं. वर्षाकाठी यात माझे ६० तास जातात. चुकले असतील पाच-दहा इकडेतिकडे, शेरा मारा.

मागच्या वर्षी शिक्षकदिनाच्या भाषणात आपण म्हणालात की शिक्षकाला वर्गात पूर्ण मोकळीक देऊ. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. त्या मोकळिकीत एक टाचणीही बसत नाही, हे तेव्हा कळलं नाही.

आणि फलकाचं तरी एकट्याचं काय घेऊन बसायचं? ग्रंथालयाचं कपाट फोटोपुरतं उघडतं. प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक तपासणीच्या दिवशी पुसून टेबलावर येतो, दुसऱ्या दिवशी कुलपात जातो. झाड लावलं की फोटो. ते जगलं का, हा रकानाच नाही. अख्खं खातंच एक मोठा फलक झालंय, महोदय, आणि तो लावलाय तो मुलांनी बघावा म्हणून नव्हे. मूल काय शिकलं हे विचारायला आलेला एकही अधिकारी मला १९ वर्षांत भेटलेला नाही. रकाने भरलेत का, हे सगळ्यांनी विचारलं.

मागणं तसं थोडकं आहे. चारपैकी मागची एक भिंत मुलांना परत द्या. आणि चिठ्ठी फाडण्याआधी ती लिहिणाऱ्याला एकदा विचारायचं, एवढी सूचना आपल्या साहेबांना द्या.

नोटिशीला सात दिवसांत उत्तर द्यायचंय, ‘विहित नमुन्यात’. नमुन्यात ‘चुकीच्या माहितीचा स्रोत’ असा रकाना आहे. तिथे सातवीतल्या एका मुलाचं नाव येतं, आणि ते मी लिहिणार नाही. काल तो मुलगा फ्लेक्ससमोर उभा होता. त्याने विचारलं, “बाई, यावर चिठ्ठी लावली तर चालेल का?”

मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

आपली,
सहावी ते आठवीची एक विज्ञान शिक्षिका