झांबिया सफारीच्या चुकीच्या आखणीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: झांबिया सफारी, 12 ते 20 फेब्रुवारी, चार प्रवासी. कार्यक्रम बदलून मिळणे अथवा आगाऊ रक्कम परत मिळणे.

महोदय,

आपण पाठवलेला नऊ दिवसांचा कार्यक्रम आम्ही चौघांनी नकाशा समोर ठेवून वाचला. तो केनियाच्या सहलीवरून बेतलेला आहे, नावं तेवढी झांबियाची घातली आहेत. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर किलिमांजारोच्या पायथ्याशी उभा असलेला हत्ती आहे. ते दृश्य केनियातल्या अंबोसेलीचं. फोटोची चूक एकवेळ सोडून देता येईल, पण आतला कार्यक्रम सोडून देण्याजोगा नाही.

सगळ्यात मोठी चूक ऋतूची. झांबियात साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस असतो आणि फेब्रुवारी म्हणजे ऐन पावसाळा. काफुए राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तरेकडची बुसांगा मैदानं तेव्हा पाण्याखाली असतात. तिथले कॅम्प जमीन वाळल्यावर, जून-जुलैत उघडतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर बंद होतात. असं असताना 13 आणि 14 फेब्रुवारीचे मुक्काम आपण कुठे धरले आहेत? कार्यक्रमात ‘बुसांगा परिसरातील कॅम्प’ एवढंच लिहिलंय, कॅम्पचं नाव नाही.

दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानाचंही तेच. त्या खोऱ्यातली काळी माती आपल्या कपाशीच्या रानासारखीच आहे. पाऊस झाला की चाकाला थापाच्या थापा चिकटतात, नक्षी भरून टायर गुळगुळीत होतो आणि फोर-व्हील गाडीसुद्धा जागेवर फिरत आसापर्यंत रुतते. म्हणून पावसात आतल्या बऱ्याच वाटा बंद राहतात. गवत-बांबूचे बुश कॅम्प तर मोसम संपल्यावर उतरवून ठेवतात आणि दरवर्षी नव्याने उभारतात. उद्यानाच्या वेशीजवळच्या म्फुवे गावाच्या आसपासचे मोजके लॉज तेवढे चालू असतात. आपण मात्र ‘रोज सकाळी चार तास पायी सफारी, मुक्काम बुश कॅम्प’ असं छापलं आहे. पायी सफारी ही लुआंग्वाची खरी ओळख, वन्यजीव संरक्षक नॉर्मन कार यांनी ती तिथेच रुजवली. पुढे बंदूकधारी स्काउट, त्याच्यामागे गाइड आणि मग रांगेत पाच-सहा जण. हे सगळं समोरचं स्वच्छ दिसण्यावर चालतं. फेब्रुवारीत गवत डोक्याएवढं वाढलेलं असतं. दहा पावलांवर बसलेली सिंहीण किंवा रानरेडा स्काउटलाही दिसणार नाही. म्हणूनच तिथे पायी सफारीचा मुख्य काळ जून ते ऑक्टोबर असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘बिग फाइव्हची हमी’, म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, रानरेडा आणि गेंडा दिसण्याची. दक्षिण लुआंग्वात गेंडा नाही. चोरट्या शिकारीमुळे झांबियातला काळा गेंडा 1998 साली नामशेष जाहीर झाला. 2003 पासून तो पुन्हा आणून सोडला तो उत्तर लुआंग्वात, आणि ते उद्यान आपल्या कार्यक्रमात नाही.  नसलेल्या प्राण्याची हमी देऊन पैसे घेणं ही आमच्या मते सरळ फसवणूक आहे. उलट जे खरोखर तिथलं आहे, म्हणजे फक्त याच खोऱ्यात सापडणारा थॉर्निक्रॉफ्ट जिराफ किंवा स्पॉटलाइट लावून निघणारी रात्रीची सफारी, त्याचा कार्यक्रमात उल्लेखही नाही. बिबट्या पाहायचा तर अंधार पडल्यावरचे दोन तास हवेतच, आणि आपण रोज सहाला लॉजवर परत आणता.

चौथ्या दिवशी ‘नाश्त्यानंतर बुसांगाहून गाडीने म्फुवे, संध्याकाळी सफारी’ असं आहे. काफुए राजधानी लुसाकाच्या पश्चिमेला आणि म्फुवे पूर्वेला. नुसतं लुसाका ते म्फुवे रस्त्याने सुमारे 700 किलोमीटर पडतं, त्याआधी काफुएतला कच्चा रस्ता वेगळाच. हा टप्पा विमानानेच करावा लागतो. छोट्या चार्टर विमानात सहसा माणशी 15 किलो, तेही मऊ बॅगेत चालतं, तर आपण 23 किलोची सूटकेस सांगितली आहे.

आरोग्याबाबतची चूक जास्त गंभीर आहे. परतीच्या वाटेवर आपण इथिओपियातल्या अदिस अबाबाला शहरात हॉटेल दिलंय आणि पत्रात लिहिलंय की ‘लसीची गरज नाही’. पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत इथिओपिया आहे. तिथे विमानतळाबाहेर पडून मग मुंबईत उतरणाऱ्याकडे या लसीचा दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस फक्त अधिकृत केंद्रावर मिळते आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो, त्यामुळे हे आयत्या वेळी निस्तरता येत नाही. मलेरियाच्या गोळ्या सुरू करण्यासाठी आधी डॉक्टरांना भेटा, असंही कुठे लिहिलेलं नाही. झोपेचा आजार पसरवणारी, चावणारी त्सेत्से माशी निळ्या-काळ्या रंगाकडे ओढली जाते आणि कपड्यांच्या यादीत आपण ‘गडद निळी पँट’ सुचवली आहे.

आमची मागणी अशी: सफारी सप्टेंबरमध्ये हलवावी. तेव्हा नदीच्या कडांवर लाल कार्माइन बी-ईटर पक्ष्यांची घरटी असतात आणि ऑक्टोबरचा 40 अंशांचा उकाडा टळतो. बुसांगाच्या कॅम्पचं नाव आणि आरक्षणाची पोच लेखी द्यावी, मधला प्रवास विमानाने ठेवावा. फेब्रुवारीच ठेवायचा असेल तर बुसांगा वगळून सगळे मुक्काम म्फुवेजवळच्या चालू लॉजमध्ये द्यावेत आणि पायी सफारीऐवजी भरलेल्या लुआंग्वा नदीवरची बोट सफारी धरावी. दरातला फरक परत करावा. दोन्ही जमत नसेल तर आगाऊ भरलेली पूर्ण रक्कम परत करावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही ग्राहक आयोगाकडे जाऊ. कार्यक्रमाची प्रत आणि पावत्या सोबत जोडल्या आहेत.

आपले,
चार प्रवासी, पुणे