श्रेकच्या सासुरवाडीबद्दल

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

‘श्रेक २’ हा अ‍ॅनिमेशनपट पहिल्या ‘श्रेक’च्या पासंगालाही पुरत नाही, असं ठणकावून सांगितलंस आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. आता मला मध्येच तोडता येणार नाही.

तुझं बरोबर आहे तेवढं आधी मान्य करते. २००१चा पहिला सिनेमा जास्त घट्ट बांधलेला आहे. परीकथेचं पान टर्रकन फाडून श्रेक त्याचा संडासात जो उपयोग करतो, तिथेच कळतं की इथे आटपाट नगराची गोष्ट कोणी मुकाट्याने ऐकून घेणार नाही. दलदलीतला एकलकोंडा राक्षस, त्याच्या दारात आणून टाकलेली परीकथांमधली बेघर मंडळी, बुटका सरदार फार्क्वाड, मनोऱ्यातली राजकन्या फियोना. दीड तासात सगळं आटोपतं आणि एकही धागा लोंबकळत नाही. अ‍ॅनिमेशनपटांसाठीचं पहिलंवहिलं ऑस्कर त्याला मिळालं, ते योग्यच झालं.

२००४च्या दुसऱ्या भागात पसारा वाढलाय, हेही खरं. फियोनाच्या माहेरचं राज्य ‘फार फार अवे’ म्हणजे उघडउघड हॉलीवूड. लाल गालिचे, झगमगत्या पाट्या, टीव्हीवरच्या पोलिसी पाठलागांची नक्कल. अशी टिंगल लवकर शिळी होते. पहिल्या भागातली ड्रॅगन तर जवळजवळ गायबच.

पण निनाद, तू विनोद मोजत बसलास आणि फियोनाच्या बापाकडे, राजा हॅरॉल्डकडे, पाहिलंच नाहीस.

फियोनाच्या जुन्या खोलीत श्रेक तिची लहानपणची डायरी वाचतो, आठवतंय? सूर्यास्तानंतर बाबा बाहेर जाऊ देत नाहीत, असं तिने लिहिलेलं असतं. हा शाप आपल्याला पहिल्या भागापासून माहीत आहे, पण तिथे तो एक नियम होता: सूर्य मावळला की राजकन्येची राक्षसीण होते. इथे त्या नियमामागचं घर दिसतं. मुलगी रात्री कशी दिसते हे आईबापांना ठाऊक होतं, आणि तिला मनोऱ्यात ठेवलं ते त्यांनीच. मग शेवटी कळतं की हा राजा स्वतःच मुळात बेडूक! परीराणीच्या कृपेने माणूस झाला आणि त्या उपकाराच्या ओझ्याखाली जन्मभर वाकून राहिला. आपलं मूळ रूप लपवणारा बाप मुलीचं रूप लपवतो आणि जावई तसाच निघाला म्हणून त्याच्यावर मारेकरी घालतो. एवढं माहीत असताना तो जेवणाचा प्रसंग पुन्हा बघ. ताटातले पदार्थ उडतात, सगळे एकमेकांच्या नावाने ओरडतात, आपण हसतो. पण त्या टेबलावर सगळ्यात घाबरलेला माणूस श्रेक नाही, हॅरॉल्ड आहे. त्याला जॉन क्लीजचा आवाज आहे. तो करवादतो तेव्हाही भेदरलेला वाटतो.

दुसरी गोष्ट फियोनाची. पहिल्या भागात ती चुंबनानंतर राक्षसीणच राहते, पण ते तिने मागितलेलं नसतं. सुंदर होण्याची वाट बघत असताना ते घडून जातं. दुसऱ्यात जादूच्या काढ्यामुळे देखणा नवरा आणि स्वतःचं देखणं रूप दोन्ही हातात असतं, मध्यरात्रीपर्यंत एक चुंबन घेतलं की कायमचं. ती नाही म्हणते. पहिल्या गोष्टीला खरा होकार ती इथे देते. म्हणून मला दुसरा भाग नुसतं शेपूट वाटत नाही. साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ झाली, की पुढे काय, हे परीकथा कधी सांगत नाहीत. पुढे सासू-सासरे असतात!

बूटवाल्या मांजराबद्दल आपलं भांडण नाही. शार्ल पेरोच्या १६९७च्या पुस्तकातलं ते पात्र. अँटोनिओ बँडेरासने त्याला आवाज दिला, तो स्वतःच पूर्वी साकारलेल्या झोरोची, त्या मुखवटेधारी तलवारबाजाची, थट्टा करत. ते डोळे मोठे करून बघणं मलाही दर वेळी फसवतं. फक्त त्याच्यापायी श्रेकच्या बडबड्या सोबत्याच्या, गाढवाच्या, वाट्याला कमी आलं, आणि पहिल्या सिनेमातली श्रेक-गाढवाची जुगलबंदी मला इथे चुकल्यासारखी वाटते. हा गुण तुझ्या पारड्यात टाक.

राजवाड्यावरचा हल्ला मात्र माझ्या पारड्यात. परीराणी एकीकडे गातेय, दुसरीकडे अवाढव्य जिंजरब्रेडचा माणूस तटबंदीवर चालून जातोय, आणि गाणं व लढाई एकाच तालात चढत जातात. पहिल्या भागात या तोडीचं एक दृश्य दाखव आणि मग बोल.

तर माझा निकाल असा: बांधणीला पहिला, माणसांना दुसरा. पटलं नाही तर लिही, फोन नको. तिसऱ्या भागाबद्दल आपलं एकमत आहे, त्यामुळे तो विषय काढत नाही.

तुझी,
आई