रीडिंग फळ्यावरून उतरवायची नसतात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात बारावी सायन्सला आहे. परवा तिचं रसायनशास्त्राचं जर्नल सहज चाळलं. प्रयोग ऑक्झॅलिक आम्ल विरुद्ध पोटॅशियम परमँगनेट. ब्युरेटमधून, म्हणजे तोटी असलेल्या मोजनळीतून, जांभळं परमँगनेट थेंब थेंब आम्लात सोडायचं आणि गुलाबी रंग टिकेपर्यंत किती लागलं ते वाचायचं. तिन्ही रीडिंग ९.८ मिली. तिच्या दोन मैत्रिणींच्या जर्नलमध्येही तिन्ही ९.८. मी एवढंच विचारलं, ‘‘ब्युरेटमधला पहिला थेंब पडल्यावर गुलाबी रंग लगेच गेला का गं, की रेंगाळला?’’ ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘आजोबा, रीडिंग फळ्यावर होती. आम्ही उतरवून घेतली.’’

मुलींना मी बोल लावत नाही. सकाळी क्लास, दुपारी क्लास, मध्ये उरलेल्या तासात साठ मुलांचं प्रॅक्टिकल उरकायचं. पण मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि त्याला कारण आहे.

रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत सांडपाणी तपासण्यात मी ३१ वर्षं घालवली. रोजचं काम सीओडीचं, म्हणजे पाण्यातली घाण रासायनिकरीत्या जाळायला किती ऑक्सिजन लागेल ते मोजण्याचं. नमुना डायक्रोमेट या घाण जाळणाऱ्या रसायनाबरोबर दोन तास उकळायचा आणि उरलेलं डायक्रोमेट मोहर सॉल्ट या लोहाच्या क्षाराच्या द्रावणाने मोजायचं. फेरॉइन या दर्शकामुळे आलेला निळसर हिरवा रंग एका थेंबात विटकरी होतो. नमुना २० मिली आणि द्रावण ०.२५ नॉर्मल असेल, तर ब्युरेटवरच्या एका बारीक रेघेने (०.१ मिली) उत्तर लिटरमागे १० मिलिग्रॅमने सरकतं. सीओडीची मर्यादा २५० ची. हात एक रेघ पुढे गेला की २५५ चं पाणी कागदावर २४५ होतं, आणि ते शेवटी ठाण्याच्या खाडीत जातं.

तो हात मला कारखान्याने दिला नाही. नौपाड्यात राहत असताना कॉलेजच्या प्रयोगशाळेत, याच परमँगनेटवर तो तयार झाला. १० मिली ऑक्झॅलिक आम्ल, त्यात परीक्षानळीभर विरल सल्फ्युरिक, मग ६०-७० अंशांपर्यंत गरम करायचं. पहिले थेंब रंग सोडायला तयार नसतात, कारण या अभिक्रियेला वेग देणारे मँगनीजचे आयन तिच्यातूनच जन्मतात आणि सुरुवातीला ते नसतातच. एकदा ते तयार झाले की थेंब पडतो आणि दिसेनासा होतो. घाई केली किंवा सल्फ्युरिक कमी पडलं तर फ्लास्क तपकिरी, गढूळ होतो. तो ओतून पुन्हा सुरुवात. माझे पहिले दोन असेच गेले. शेवटी फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला, तेव्हा सरांनी ब्युरेटपाशी वाकून द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाची वरची कड वाचायला लावली. द्रावण गडद असल्याने खालची दिसत नाही. माझी रीडिंग १०.१, ९.९ आणि ९.९ आली होती. पहिलं चुकलेलं होतं, पण माझं होतं.

खर्चाचं कारण कुणी सांगू नये. ०.०२ मोलार परमँगनेटच्या एका लिटरला ३.१६ ग्रॅम पूड लागते, आणि त्यात पंधराएक मुलांचं काम होतं. कमी आहे ती वेळेची, आणि वेळ आपण क्लासला देऊन टाकली आहे.

बोर्डाचं प्रॅक्टिकल ३० गुणांचं असतं. ठाणे आणि नवी मुंबईत परीक्षक म्हणून जाणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, तोंडी परीक्षेत सूत्र विचारण्याआधी त्या पहिल्या थेंबाचं विचारा. ज्याने स्वतः तोटी फिरवली आहे तो क्षणात सांगेल. आणि कॉलेजांनी परीक्षेपूर्वी प्रत्येक मुलाला एक ब्युरेट आणि एक अख्खी दुपार द्यावी. रीडिंग वेगवेगळी आली तर येऊ देत, खोडरबर हातात देऊ नये.

नातीच्या कॉलेजने अशी दुपार ठरवली आणि माणूस कमी पडला, तर ब्युरेट धुवायला मी येईन.

– एक निवृत्त रसायन विश्लेषक, ऐरोली