गौरीची कास आणि बाबांचा पाय

ती. बाबा व ती. सौ. आईस,
सा. न.

रविवारी आई फोनवर सहज बोलून गेली, गौरीची कास पुन्हा दगडासारखी झालीय आणि बाबांनी मागची उरलेली इंजेक्शनं तिला टोचली. वर बाबांच्या पायाच्या जखमेलाही घरातल्याच जुन्या गोळ्या चालू आहेत, बरं वाटलं की बंद करणार. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. फोनवर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहितेय.

बाबा, गौरीच्या सडात आणि तुमच्या जखमेत एकच जिवाणू असू शकतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस. साधारण दर तिसऱ्या माणसाच्या नाकात तो असतो, एरवी काही करत नाही. त्याला आत शिरायला वाट लागते. चिरलेला सड, साखरेमुळे न भरणारी जखम, थंडीत आईच्या बोटांना पडणाऱ्या भेगा. आणि एका गाईकडून दुसरीकडे तो जातो तो बहुतेकदा धार काढणाऱ्याच्या हातावरूनच.

प्रयोगशाळेत आम्ही गाईच्या दुधातला तो थाळीत वाढवतो आणि वर औषधांच्या चकत्या ठेवतो. औषध लागू पडलं तर चकतीभोवती मोकळं गोल रिंगण दिसतं. काही थाळ्यांत एकाही चकतीभोवती ते उमटत नाही. तशी थाळी हातात आली की ही गाय कुणाची, तिची धार कोण काढत असेल, एवढंच मनात येतं. आता तर तिथे आईच दिसते.

पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात एका नवरा-बायकोची कल्पित गोष्ट सांगितली होती. घसा दुखतो म्हणून नवरा स्वतःच पेनिसिलिन आणून अपुरं घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. मग तेच बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, औषध चालत नाही आणि ती जाते. बाबा, कसूर नवऱ्याची आणि गेली ती बायको. ही गोष्ट मी कॉलेजात शिकले होते, रविवारी ती आपल्या घरातली वाटली.

तुम्ही म्हणाल, दोन इंजेक्शनांनी काय होतंय? असंच प्रत्येक गोठ्यात होतं. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटी राखून ठेवलेलं औषध कोंबड्यांना वाढीसाठी दिलं जायचं. २०१९ मध्ये सरकारला ते जनावरांसाठी बंद करावं लागलं.

आई, औषधाचं दूध डेअरीला चालत नाही म्हणून तू ते कालवडीला पाजतेस. दूध ओतून देववत नाही, मला कळतं. पण त्या थोड्या-थोड्या औषधाने तिच्या पोटातले जंतूही सरावतात. ते पाजू नकोस गं. गौरीची धार सगळ्यांच्या शेवटी काढ, नंतर हात साबणाने धू. धार झाली की तिच्यापुढे वैरण टाक, म्हणजे ती अर्धा तास उभी राहील आणि सडाचं तोंड मिटेपर्यंत शेणात बसणार नाही.

जनावरांच्या डॉक्टरांना उद्याच बोलवा. आधी काय टोचलंय ते त्यांना सांगा, आणि नवीन इंजेक्शनाआधी दुधाचा नमुना घ्यायला लावा. बाबा, तुम्हीही उद्याच पाय दाखवा, जखमेतला पू तपासायला द्या. जंतू मारणाऱ्या औषधांची, लाल रेघेची पाकिटं घरात उरली असतील ती सगळी एका पिशवीत बांधून ठेवा.

शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.ने येतेय. पिशवी मी घेऊन जाईन.

तुमची,
मनी