एकाच नावाखाली किती ताप?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आणि पुन्हा मार्च-एप्रिलमध्ये आपल्या तालुका पानावर ‘व्हायरल तापाची साथ’ अशी बातमी ठरलेली असते. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात 31 वर्षे आरोग्य सेविका होते. त्या एका शब्दाखाली किती निरनिराळे आजार दडपले जातात, हे घराघरांत पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. जंगलाकाठच्या एका वाडीतला माणूस गोव्याकडच्या काजूच्या बागेतून तापाने फणफणत घरी आला. डोके ठणकत होते, कंबर धरली होती, डोळे लाल झाले होते. घरच्यांनी मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून चार दिवस दिल्या. पाचव्या दिवशी हिरड्यांतून रक्त आले, तेव्हा मला निरोप आला. रक्ताचा नमुना तपासला, माकडताप निघाला.

तो बरा झाला. पण त्या पंधरवड्यात शेजाऱ्यांनी त्यांच्या घरी जाणे-येणे बंद केले. नळावर त्याच्या बायकोची घागर बाजूला सारली. आणि त्याच दिवसांत वाडीमागे मरून पडलेले माकड पोरांनी शेपटीला धरून ओढ्यापर्यंत फरफटत नेले होते! माकडताप माणसापासून माणसाला लागत नाही. त्याचा विषाणू गोचिडीतून येतो. माकड मेले की अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि दुसरे रक्त शोधतात. त्यांची पिल्ले खसखशीएवढी असतात, चावलेले कळतही नाही. ज्या घरापासून काहीच भीती नव्हती ते वाळीत पडले आणि ज्याला हात लावायचा नाही ते पोरांच्या हातात गेले.

त्या घरात पिठाच्या डब्याखाली एक छापील कागद दिसला. गोचिडीचे चित्र, जंगलात जाताना अंगाला लावायच्या डेपा तेलाची माहिती, मेलेले माकड दिसल्यास कुणाला कळवायचे, सगळे त्यात होते. सगळे कन्नडमध्ये. म्हातारीला विचारले, तर म्हणाली, “ढेकणांचं कायतरी असंल म्हणून ठेवलंय, बाई.”

हा आजार 1957 साली शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. गेल्या दहा-बारा वर्षांत तो गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात दिसला. म्हणजे आमची माणसे मजुरीला जातात नेमके तिथेच.

आता रोपलावणीचे दिवस घ्या. तोच ताप, तीच अंगदुखी, तसेच लाल डोळे. पण हा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. त्याचा जंतू विषाणू नव्हे, बॅक्टेरिया आहे. उंदरांच्या लघवीतून तो चिखलात उतरतो आणि पायांच्या भेगांतून, चिरांतून अंगात शिरतो. याला अँटिबायोटिक लागू पडते, मात्र ते वेळेवर मिळायला हवे. माझ्या डोळ्यांसमोर घडलेले उलटे असे, की माकडतापावर फुकट गोळ्या खाल्ल्या गेल्या आणि लेप्टोची माणसे ‘व्हायरल आहे, उतरेल’ म्हणत कावीळ होईपर्यंत घरी पडून राहिली.

डेंग्यूची वाट आणखी वेगळी. त्याचा डास घरातल्या स्वच्छ पाण्यावर वाढतो आणि दिवसा चावतो. पिंप नुसते ओतून टाकून भागत नाही. मादीची अंडी पाण्याच्या रेषेलगत आतल्या बाजूला चिकटून बसतात, ती सुकली तरी काही महिने जिवंत राहतात. काथ्याने घासल्याशिवाय ती निघत नाहीत. मी बायकांसमोर स्वतः पिंप घासून दाखवत असे. नायटा तर बुरशीचा. त्यावर दुकानातले स्टिरॉइड मिसळलेले मलम लावले की खाज दोन दिवस थांबते आणि नायटा अंगभर पसरतो.

वाट कळली तर काय होऊ शकते, हे नारू या जंताच्या आजाराने दाखवले. माझ्या आजीचे माहेर विजापूरकडच्या दुष्काळी पट्ट्यातले. तिच्या घोट्याला फोड येऊन त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा नारू निघाला होता. तो काडीवर गुंडाळत रोज बोटभर बाहेर काढायचा, तुटला तर पाय सुजायचा. आग शमवायला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवायचा. तिथे नारूची पिल्ले पाण्यात सुटायची, बारीक पाणकिड्यांच्या पोटात जायची आणि तेच पाणी सारा गाव प्यायचा. नारूवर लस नाही, त्याला मारणारे औषधही नाही. पाणी फडक्याने गाळा आणि पाण्यात पाय घालू नका, हे लोकांना त्यांच्या बोलीत सांगितले गेले. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 चा, आणि 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला.

बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरणाऱ्या तरुणांना ठाऊक असावे, की तिथे एकेकाळी देवीची लस तयार होत असे. देवी फक्त माणसातच राहायची, म्हणून लसीने ती संपली. माकडताप जंगलात आणि गोचिडीत राहतो. तो तसा संपणार नाही, त्याची वाटच अडवावी लागेल.

कन्नडला माझा विरोध नाही. निम्म्याहून अधिक काम मी कन्नडमध्येच केले. पण सीमाभागातल्या ज्या वाड्यांत म्हातारी मराठीच वाचते, तिथे त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मराठी मजकूर छापायला कितीसा खर्च येणार? आपणही बातमीत ‘व्हायरल’ एवढ्यावर थांबू नये. कसला ताप, रक्त तपासले का, कशातून आला, हे वार्ताहराने विचारावे.

काजूच्या कामाला टोळ्या डिसेंबर-जानेवारीत निघतात. त्याआधी एका पानाचा मराठी मजकूर मी लिहून देते, तालुक्याच्या डॉक्टरांकडून तपासूनही घेते. ग्रामपंचायतीने तो छापून टोळीच्या मुकादमांच्या हाती द्यावा आणि अंगणवाडीच्या दारावर चिकटवावा.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
खानापूर तालुका, जि. बेळगाव