दर वाढला, काम गेलं

आटपाडी,
रविवार रात्र

प्रिय दिनू,

परवा तू तावातावानं बोलत होतास आणि नेमकी रेंज गेली. मुद्दाम फोन ठेवला असं समजू नकोस. एका अर्थी बरंच झालं म्हणा, भांडणात मला सुचत नाही.

तुझं म्हणणं, दर सहा महिन्यांनी महागाईपोटीचा विशेष भत्ता वाढतो, किमान वेतन फुगतं आणि बारा माणसांचं वर्कशॉप चालवणारा मरतो. सरकारनं धंद्यात हात घालूच नये. लेका, तुझा भोसरीचा प्लॉट एमआयडीसीचा. 1962 साली सरकारनंच ते महामंडळ काढलं. तो हात चालला होय तुला?

पण दर वाढला की काम घटतं, हे मी साफ खोटं म्हणणार नाही. आमच्या घरानं ते भोगलंय.

तुला आमचा पाझर तलाव आठवतो? आई रोजगार हमीवर तिथं मुरूम वाहायची. डोक्यावर चुंबळ, त्यावर पाटी, अन् भरावाची चढण. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब तसाच ठेवायचे, किती खोल खणलं ते मोजायला. मुकादम टेप लावायचा तेव्हा सगळ्या बायका त्या खांबाकडं टक लावून बघत बसायच्या. हप्ता त्या मापावर ठरायचा. कुणी रात्रीत खांबावर चार बोटं माती चढवली की माप वाढायचं, असंही ऐकलंय. आई हसते, पण बोलत नाही.

ही रोजगार हमी योजना आपल्याच भागातल्या वि. स. पागे यांची. 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, 1977 साली कायदा झाला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. तू कामगारांच्या पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर कापतोस ना, तो 1975 साली या योजनेच्या खर्चासाठीच लागला. शहरातल्या पगारातून माळरानावरची मजुरी. इतकं सरळ गणित मी सरकारी कागदात क्वचित पाहिलंय.

मग 1988 साली शेतमजुरांचं किमान वेतन जवळजवळ दुप्पट झालं. हमीची मजुरी त्याला बांधलेली, तीही वाढली. मी तेव्हा नववीत. त्यानंतर आमच्या तलावाचं काम थांबलं ते थांबलंच, भराव अर्धा. मागणी करायला बायका तहसीलला जायच्या, 'नवीन काम मंजूर नाही' ऐकून परत. बेकारी भत्ता मिळालेला माणूस आमच्या गावात मी पाहिला नाही. पुढं रॅव्हालियन, दत्त, चौधुरी या अर्थतज्ज्ञांनी यावर अभ्यास केला. त्यातही हेच निघालं की वेतनवाढीनंतर काम मागूनही मिळेना.

आता तू म्हणशील, बघ, मी काय सांगत होतो! पण दिनू, इथं मालक कोण होता? सरकारच. नफा-तोटा नाही, गिऱ्हाईक पळालं नाही. दर वाढवला आणि तेवढा पैसा मागं उभा केला नाही. माझा राग त्यावर आहे, दरावर नाही. पुढं केंद्राच्या 2005 च्या रोजगार हमी कायद्यात तर सोय करून ठेवली, किमान वेतन कायदा काहीही म्हणो, या कामाचा दर केंद्र वेगळा ठरवू शकेल. 2025-26 ला आपल्याकडं तो दिवसाला 312 रुपये होता. दुसऱ्याला कायदा दाखवायचा आणि स्वतःला पळवाट!

खासगीतलंही सांगतो. माझा भाचा एका कंपनीत ठेकेदाराकडं होता. पगार खात्यावर नियमाप्रमाणं पुरा जमा. संध्याकाळी एटीएमच्या बाहेर ठेकेदाराचा माणूस उभा, तीन हजार रोख परत. तपासणीला आलेल्या साहेबानं पासबुक बघितलं, सही केली, गेला. तिथं सरकार हवं होतं, त्या एटीएमच्या दारात. तू माणसांना पुरा पगार देतोस. असला ठेकेदार तुझ्यापेक्षा स्वस्तात काम उचलतो, त्याच्यावर तू का चिडत नाहीस, मला हे कळत नाही.

काल आईला विचारलं, मजुरी दुप्पट झाली तेव्हा काय वाटलं होतं? ती म्हणाली, "झालती व्हय? मला कुठं ठावं. काम बंद पडलं तेवढं कळलं."

डाळिंबाची एक पेटी गुरुवारच्या एसटीनं पाठवतोय, स्वारगेटला उतरवून घे. वहिनींना नमस्कार. उत्तर फोनवर नको, लिहून पाठव.

तुझा,
बापू